डहाणूचा खाऊ : सुट्टी संपल्यावर

डहाणू-तलासरीकडून सुट्टी आटोपून परतणाऱ्यांच्या सामानात साधारण चार तऱ्हांचा खाऊ असतो : वाडीतली फळे, समुद्रकाठची सुकी मासळी, आठवडे बाजारातले धान्य आणि कंद, आणि बरणीत किंवा पाकिटात बंद केलेले घरगुती पदार्थ. या प्रत्येकाचे आयुष्य वेगळे. कडक चिकू चार-सहा दिवस वाट पाहायला लावतो. ताडगोळा दुसऱ्या दिवसापर्यंतही धड राहत नाही. नीट वाळलेला बोंबील काळजी घेतल्यास पावसाळा काढतो, आणि नाचणीचा दाणा तर वर्षानुवर्षे टिकतो. प्रवासाच्या थकव्यात पिशव्या तशाच कोपऱ्यात राहिल्या तर बिघडायचे ते बिघडतेच, शिवाय मासळीचा वास फळांना आणि फळांचा ओलावा पापडांना लागतो. म्हणून घरी पोचल्याच्या संध्याकाळीच सगळे उघडून आज खायचे, या आठवड्यात खायचे आणि साठवायचे, असे तीन वाटे करणे हे पहिले काम. बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे.

एका पिशवीत इतके प्रकार जमतात याचे कारण तिथल्या भूगोलात आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे हे उत्तरेकडचे टोक. पश्चिमेला अरबी समुद्र, मध्ये वाड्यांची सपाट पट्टी, पूर्वेला डोंगर आणि आदिवासी पाडे, आणि तलासरी ओलांडली की गुजरात. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झाला आणि तिथल्या उद्योगांवर बंधने आली. या भागात अजून फळबागांची सलग हिरवळ दिसते, त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. एप्रिल २०१३ पासून विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल धावू लागली. मुंबईकराला एका दिवसात जाऊन येणे जमू लागल्याने वर्षातून एकदा डोईजड खरेदी करण्याऐवजी ऋतूप्रमाणे थोडे थोडे आणणेही शक्य झाले. या खाऊच्या दृष्टीने दुसरी रीत निश्चितच चांगली.

चिकूपासून सुरुवात करायला हवी, कारण सर्वांत जास्त आणला जाणारा आणि सर्वांत जास्त वाया जाणारा तोच. हे फळ मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले. घोलवड-बोर्डी-डहाणूच्या पट्ट्यात इराणी आणि पारसी बागायतदारांनी त्याच्या वाड्या उभ्या केल्या. घोलवडच्या मातीतल्या चुन्याच्या अंशामुळे इथल्या फळाला वेगळी गोडी येते असे मानले जाते. ‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. इथल्या बागांत मुख्यतः ‘कालीपत्ती’ ही जात : लांबट अंडाकृती फळ, पातळ साल, कमी बिया, मऊ आणि दाट गोड गर. ‘क्रिकेट बॉल’ नावाची जात दिसायला मोठी आणि गोल, पण तिचा गर रवाळ आणि गोडी बेताची. भेट म्हणून न्यायचा असेल तर मोठ्या आकाराला भुलू नये, कालीपत्तीच घ्यावी.

चिकू झाडावर मऊ होईपर्यंत ठेवत नाहीत. लांब बांबूच्या टोकाला जाळी बांधून तयार फळ अलगद उतरवतात, धुतात, आकाराप्रमाणे वेगळे करतात आणि कडक असतानाच बाजारात पाठवतात. त्यामुळे स्टेशनबाहेर किंवा रस्त्याकडेला मिळणारी फळे कडक असण्यात गैर काही नाही. पाहायचे ते एवढेच की फळ पक्व आहे की नाही. पक्व फळावरची तपकिरी भुकटी बरीचशी झडलेली असते आणि साल गुळगुळीत लागते. नखाने साल किंचित खरवडली आणि खाली पिवळसर रंग दिसला, तर ते फळ पिकेल. हिरवा रंग दिसून पांढरा चीक वर आला, तर ते घाईने उतरवलेले आहे. असे फळ आठवडाभर ठेवले तरी सुरकुतते, पण गोड होत नाही. त्यातले टॅनिन आणि चीक जिभेला धरून बसतात. विक्रेत्याला विचारून एका फळावर ही परीक्षा करण्यात संकोच बाळगू नये.

घरी आणलेला कडक चिकू लगेच फ्रिजमध्ये ठेवणे ही या फळाच्या बाबतीतली सर्वांत मोठी चूक. फार थंडीत त्याची पिकण्याची क्रियाच बिघडते. नंतर बाहेर काढला तरी तो एका बाजूने कडक आणि दुसऱ्या बाजूने लिबलिबीत असा राहतो, आणि गराला चव येत नाही. कडक फळे कागद अंथरलेल्या खोक्यात किंवा टोपलीत, शक्यतो एकाच थरात, देठ खाली करून ठेवावीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवस, डिसेंबर-जानेवारीच्या गारव्यात त्याहून थोडे अधिक लागतात. रोज एकदा हात फिरवावा. देठाजवळ अंगठ्याने हलके दाबल्यावर साल आत गेली की फळ खाण्याजोगे झाले. आता मात्र फ्रिज उपयोगी : पिकलेला चिकू तिथे तीन-चार दिवस चांगला राहतो.

पाच किलोचा खोका एकाच दिवशी पिकतो, ही तक्रार घरोघर ऐकू येते. तिच्यावर उपाय सोपा आहे. पहिल्याच संध्याकाळी फळांचे दोन भाग करावेत. एक भाग झाकणाच्या खोक्यात एखाद्या पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवावा. केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूमुळे ती फळे लवकर पिकतात. दुसरा भाग खोलीतल्या सर्वांत गार, हवेशीर जागी सुटा पसरून ठेवावा. या दोहोंत दोन-तीन दिवसांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यात पहिला भाग संपतो. डागाळलेले किंवा फुटलेले फळ बाजूला काढावे. ते आधी पिकते आणि शेजारच्यांनाही ओढते.

पिकलेला चिकू तसाच खाणे हेच खरे. आडवा कापून चमच्याने गर काढावा, किंवा पातळ साल धुऊन सालीसकट खावा. लहान मुलांना देताना बी आठवणीने काढावी. काळ्या चकचकीत बीच्या टोकाला बारीक आकडा असतो, आणि ती गिळली गेल्यास घशात अडकू शकते. मिक्सरमध्ये घालण्याआधीही बिया मोजून काढाव्यात. खाऊन उरेल तो गर साल-बिया काढून, लिंबाचे दोन-चार थेंब घालून, एका वेळेला पुरेल एवढ्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकावा. पुढे एक-दोन महिने दुधात घालायला तो तयार मिळतो, वेगळी साखर लागत नाही. हलवा करायचा तर गर आधी थोड्या तुपावर मंद आचेवर आटवावा आणि खवा शेवटी घालावा. साखर घालण्याआधी चव पाहावी, बहुधा तिची गरज पडत नाही. मधुमेह असलेल्या घरी चिकूची पेटी भेट देणे मात्र टाळावे, तिथे सुकी मासळी किंवा नाचणी अधिक उपयोगी.

बोर्डी-घोलवडकडे चिकूच्या वाळवलेल्या चकत्या, भुकटी, लोणचे, बर्फी असे कितीतरी प्रकार मिळतात, आणि बोर्डीच्या चिकू महोत्सवात ते एकाच ठिकाणी चाखता येतात. यांतले बरेच पदार्थ स्थानिक महिला आणि बचतगट करतात. चकत्या हवेतला ओलावा पटकन ओढतात. पाकीट उघडल्यावर त्या घट्ट झाकणाच्या बरणीत काढाव्यात आणि ओला हात लावू नये. भुकटी थेट गरम दुधात टाकली की गुठळ्या होतात. आधी दोन चमचे थंड दुधात कालवून मग ती गरम दुधात मिसळावी. विकत घेताना पाकिटावर उत्पादनाची तारीख, घटक आणि १४ अंकी अन्नपरवाना क्रमांक पाहावा. घटकांत साखर पहिल्या क्रमांकावर असेल, तर ती चिकूची नव्हे, साखरेची बर्फी समजावी.

समुद्राकडची भेट म्हणजे सुकी मासळी. डहाणू, चिंचणी, वरोर, झाई या किनाऱ्यांवर मांगेला, माच्छी आणि इतर मच्छीमार कुटुंबांतल्या बायका बोंबील, जवळा, करदी, मांदेली, वाकट्या उन्हात वाळवतात. बोंबील जोडीजोडीने एकमेकांत अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगतात. पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून त्याआधी घरात सुक्याची बेगमी करायची, ही किनाऱ्याची जुनी पद्धत. तिलाच आगोट म्हणतात. डहाणूजवळ विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून भरते. ही वेळ आगोटच्या तोंडावरची असल्याने यात्रेच्या बाजारात सुकी मासळी आणि मिरची-मसाला घेण्याची रीत आहे. उन्हाळी सुट्टीत डहाणूला जाणाऱ्याने हा हिशेब ध्यानात ठेवला तर त्याची खरेदी नुसती आठवण न राहता चार महिन्यांची सोय होते.

चांगला सुका बोंबील फिकट सोनेरी असतो आणि वाकवला की कट्कन मोडतो. वाकून लवचीक राहिला तर तो पुरता वाळलेला नाही. वजनात पाणी विकत घेण्यासारखे ते आहे, आणि बुरशीलाही आमंत्रण. अंगावर गुलाबी किंवा काळे ठिपके, हाताला चिकटपणा, जुन्या तेलासारखा खवट वास यांतले काही आढळले तर घेऊ नये. जवळा मुठीत धरून सोडावा. तो सुटा पडला पाहिजे, गोळा होता कामा नये. बुडाशी वाळू किती उरते तेही तळव्यावर दिसते.

घरी आल्यावर मासळीला एक दुपार कडक ऊन दाखवावे, मांजर-कावळ्यांपासून जाळीने राखून. पूर्ण गार झाल्यावर बोंबलाची डोकी, शेपट्या आणि पर काढून बोटभर तुकडे करावेत, कागदात गुंडाळावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. गरम असताना डबा बंद केला तर आत वाफ धरते. लहान घरात, विशेषतः शेजारी शाकाहारी असतील तिथे, फ्रीझर सर्वांत बरा : वासही कोंडला जातो आणि तीन-चार दिवसांच्या गोठणीत किड्यांचा नायनाटही होतो. खारवलेली मासळी असेल तर शिजवण्याआधी तासभर पाण्यात ठेवून मीठ उतरवावे आणि रश्शात वरून मीठ घालताना हात आखडता घ्यावा.

सुके खाण्याची सवय नसलेल्यांनी चटणीपासून सुरुवात करावी. बोंबलाचे तुकडे कोरड्या तव्यावर मंद आचेवर, सतत परतत, रंग किंचित गडद होईपर्यंत भाजावेत. करपट वास सुटायच्या आतच उतरवावेत, कारण करपलेला बोंबील कडू होतो. त्याच तव्यावर लसणाच्या सात-आठ पाकळ्या आणि चार सुक्या मिरच्या परताव्यात. सगळे गार झाल्यावर खलबत्त्यात भरड कुटून मीठ आणि लिंबू घालावे. मिक्सरमध्ये त्याचे पीठ होते आणि दाताखाली येणारा भाग हरवतो. तांदळाच्या भाकरीबरोबर एवढी चटणी पुरते. जवळा मात्र कुटण्यापेक्षा भरपूर कांदा आणि कैरीच्या फोडी घालून परतलेला छान लागतो. बोंबील, वांगे आणि बटाट्याचा रस्सा तर पावसाळ्यातल्या भाजीच्या टंचाईत घराला सावरून धरतो.

डोंगराच्या बाजूला तलासरी, उधवा, कासा अशा ठिकाणी आठवडे बाजार भरतात. वारली, कोकणा, धोडी, काथोडी समाजातल्या बायका पाड्यावरून टोपली आणून जमिनीवर मांडतात : नाचणी, वरी, उडीद, वाल, गावठी मिरच्या, हिवाळ्यात कंद आणि करांदे, उन्हाळ्यात करवंदे आणि सुकवलेली मोहाची फुले. पर्यटकाने इथे दोन गोष्टी पाळाव्यात. दर आधीच कमी असतो, तिथे घासाघीस करू नये. आणि जे घेतले ते शिजवायचे कसे, हे विकणाऱ्या बाईलाच विचारावे. हा प्रश्न केवळ चवीचा नाही. करांदे कडवट असतात. ते फोडी करून मीठ घालून चांगले उकडतात आणि पाणी टाकून देतात. काही रानकंद तर राखेत शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवून विषारी अंश काढल्याशिवाय खाताच येत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला मिळणारी शेवळ्याची भाजी घशाला खाजवते, म्हणून तिच्यात काकडाची आंबट फळे किंवा चिंच घालतात. ओळख नसलेली रानभाजी कितीही कोवळी दिसली तरी माहिती घेतल्याशिवाय शहरात नेऊ नये, आणि दुसऱ्याला भेट तर मुळीच देऊ नये.

नाचणी दाण्याच्या रूपात घ्यावी. दाणा टिकतो, पण पीठ दीड-दोन महिन्यांत जुनाट वास धरते. हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा थर असतो आणि त्यातले तेल खवट होऊ शकते. म्हणून तो दोन-तीन महिन्यांत संपेल इतकाच घ्यावा. दिवाळीनंतर मिळणारा भात नवा असतो. नव्या तांदळाला पाणी थोडे कमी घालावे, नाहीतर त्याचा गोळा होतो. कंद फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही, कोरड्या टोपलीत अंधाऱ्या जागी ते राहतात. सुकी मोहफुले निवडून, धुऊन, थोडा वेळ भिजवून भाकरीच्या पिठात किंवा लाडवात घालतात. ती मुळात इतकी गोड असतात की गूळ अर्धा पुरतो. मोहाच्या बियांचे तेल थंडीत गोठते. ते खराब झालेले नसते, बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होते. वाणगावकडची हिरवी मिरची देठ काढून, कोरडी पुसून, कागदात गुंडाळून ठेवली तर दोन आठवडे ताजी राहते. तिचे लिंबू-मोहरी घातलेले लोणचे ही या सगळ्यात स्वस्त आणि मनापासून आवडणारी भेट.

काही खाऊ घरी आणायचाच नसतो. ताडगोळे मार्च ते मे या काळात समुद्रकाठी मिळतात. ते तिथेच, सोलून, थंड असतानाच खावेत. आणायचेच तर न सोललेले आणावेत आणि त्याच रात्री संपवावेत. नीरा पहाटेची, ऊन चढण्याआधी प्यायची. ती आंबत राहते, आणि झाकण घट्ट लावलेली बाटली प्रवासात वायूच्या दाबाने फुटू शकते. हिवाळ्यात महामार्गावरून गुजरातच्या बाजूला गेल्यास उबाडियु मिळते. मडक्यात पापडी, कंद, रताळी हिरव्या मसाल्यासह भरतात, तोंड पाल्याने बंद करतात, मडके उलटे ठेवून भोवती जाळ करतात. ते गरमच खावे. उरले तर त्याच रात्री फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी परतून संपवावे. उलट सीमेपलीकडच्या उदवाड्यातली पारसी खाद्यपदार्थांची खरेदी प्रवासाला सोयीची : बटासा बिस्किटे, पापड, भाकरा. भाकऱ्याच्या पिठाला पूर्वी ताडीने आंबवत. कोरडे असल्याने हे पदार्थ घट्ट डब्यात एक-दोन आठवडे राहतात.

भेट द्यायची तर माणूस पाहून द्यावी. वशाट न चालणाऱ्या घरी मासळीची पिशवी दारात ठेवणेही अडचणीचे होते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना डझनभर कडक चिकू देण्यापेक्षा आजच्याला पिकलेले दोन आणि उद्या-परवासाठी चार, असे निवडून द्यावेत. कोणत्याही डब्यावर चिठ्ठी लावावी : पदार्थाचे नाव, कुठून आणला, तारीख, आणि कसा ठेवायचा याची एक ओळ. ‘मऊ होईपर्यंत फ्रिजबाहेर’ एवढे तीन शब्द चिकूच्या पेटीवर असले तरी निम्मी नासाडी टळते. कुरिअरने पाठवायची फळे पूर्ण कडक असावीत, प्रत्येक फळ कागदात गुंडाळलेले असावे आणि खोक्याला हवेसाठी भोके असावीत. परदेशातल्या नातेवाइकांसाठी ताजे फळ नेऊ नये. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासारखे देश ते विमानतळावरच काढून घेतात. कारखान्यातून सीलबंद आलेल्या चकत्या किंवा भुकटी नेता येईल, पण तीही उतरल्यावर अर्जात नोंदवावी, कारण न सांगितल्याबद्दल दंड होतो.

साठवलेला खाऊ महिन्यातून एकदा उघडून पाहावा, आणि मे अखेरीस तर नक्कीच. मासळीच्या डब्यात भुगा दिसला तर किडा लागला आहे. थोडा असेल तर चाळून, उन्हात तापवून लगेच वापरावी, बुरशी असेल तर सगळी टाकावी, वरवर पुसून ठेवू नये. लोणच्यावर तेलाचा थर बोटभर हवा. तो खाली गेला असेल तर गरम करून गार केलेले तेल वरून ओतावे. नाचणीत आणि डाळीत कडुलिंबाची वाळलेली पाने टाकावीत. चिकूच्या गराला दारूसारखा वास येऊ लागला, किंवा गोठवलेला गर एकदा वितळून पुन्हा गोठला असेल, तर तो झाडाच्या खतात घालावा.